छातीत दुखणे : 'गॅस' समजून वाट पाहणे महागात पडते

छातीत दुखू लागले की बहुतेक घरांत पहिला संशय 'गॅस'वर घेतला जातो. ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो, पाठीला बाम चोळला जातो आणि 'अर्धा तास वाट पाहू' असे ठरते. अनेकदा हा अंदाज बरोबरही निघतो, कारण छातीत दुखण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा हृदयाशी काही संबंध नसतो. परंतु ज्या थोड्या वेळा तो चुकतो, त्या वेळी हातचा गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

हा विलंब किती मोठा असतो, हे भारतातच झालेल्या एका पाहणीतून दिसून आले आहे. 'क्रिएट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीत देशातील ८९ रुग्णालयांमध्ये दाखल झालेल्या २० हजार ४६८ हृदयरुग्णांची नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागलेला मध्यम कालावधी होता ३६० मिनिटे, म्हणजे तब्बल सहा तास. रुग्णालयात पोहोचल्यानंतर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत मात्र ५० मिनिटे लागली होती. याचा अर्थ, वेळ सर्वाधिक वाया जातो तो रुग्णालयाच्या दारात पाऊल पडण्यापूर्वी. तो घरात, कार्यालयात आणि रस्त्यात जातो. त्यामुळे छातीतील दुखणे ओळखण्यापेक्षाही 'हे आपण घरी ओळखू शकत नाही' हे वेळीच ओळखणे अधिक महत्त्वाचे ठरते.

वेदना एक, अवयव अनेक

छातीच्या पिंजऱ्यात हृदय आणि फुप्फुसे तर असतातच. त्याशिवाय अन्ननलिका, शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी असलेली महाधमनी, फुप्फुसांवरील आवरण, बरगड्या, त्यांना छातीच्या मधल्या हाडाशी जोडणारी कूर्चा, स्नायू आणि मज्जातंतू इतक्या गोष्टी तेथे दाटीवाटीने बसलेल्या असतात. यांपैकी कशालाही इजा झाली, सूज आली वा रक्त कमी पडले तरी रुग्णाची तक्रार एकच असते : 'छातीत दुखते आहे.'

त्वचेवर टाचणी टोचली तर नेमके कोठे टोचले ते बोट ठेवून सांगता येते. आतील अवयवांचे तसे नसते. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेचे मज्जातंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात हाताच्या, खांद्याच्या आणि छातीच्या त्वचेचे तंतूही येऊन मिळतात. संदेश नेमका कोठून आला याचा मेंदूला उलगडा होत नाही. म्हणून दुखणे हृदयाचे असले तरी ते डाव्या हातात, जबड्यात, गळ्याशी, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे किंवा पित्त झाले म्हणून औषधाच्या दुकानात गेलेल्या रुग्णाला प्रत्यक्षात हृदयविकार असल्याचे नंतर उघड होते, ते यामुळेच.

झटका येतो म्हणजे काय होते?

हृदय शरीरभर रक्त पोहोचवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते त्याच्यावर पसरलेल्या बारीक रोहिण्यांमधून. वर्षानुवर्षे या रोहिण्यांच्या आतील बाजूस चरबीयुक्त थर साचत जातो आणि रक्ताचा मार्ग अरुंद होतो. जिना चढताना, चढावर चालताना किंवा संताप आला असता हृदयाची रक्ताची गरज वाढते. ती पुरी पडली नाही की छातीत आवळल्यासारखे दुखते आणि थांबल्यावर काही मिनिटांत कमी होते. यालाच 'अँजायना' म्हणतात. विल्यम हेबर्डन या ब्रिटिश डॉक्टरने १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दुखण्याचे वर्णन केले. चालताना येणारे आणि उभे राहताच ओसरणारे दुखणे ही त्याने टिपलेली खूण आजही डॉक्टर विचारतात.

झटका ही याच्या पुढची अवस्था. रोहिणीतील थराला अचानक तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि मार्ग बंद होतो. मार्ग पूर्ण बंद झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांत स्नायू मरू लागतो. हा नाश आतील थरापासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूस सरकत जातो आणि काही तासांत बहुतांश हानी होऊन चुकते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्याच्या जागी वण तयार होतो आणि हृदयाची ताकद कायमची घटते. रुग्ण वाचला तरी पुढील आयुष्य धाप लागत काढावे लागेल की तो पूर्वीसारखा कामावर जाऊ शकेल, याचा निर्णय बऱ्याच अंशी पहिल्या दोन-तीन तासांत होतो.

आणखी एका फरकाची माहिती असणे आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. झटक्यात रक्तपुरवठा तुटतो, पण हृदय धडधडत असते. रुग्ण बोलतो, प्रसंगी चालतोही. हृदयक्रिया बंद पडली तर तो काही सेकंदांत बेशुद्ध होतो. झटक्याच्या पहिल्या काही तासांत हृदयाची लय बिघडून ही दुसरी घटना कोणत्याही क्षणी घडू शकते. 'चालत-बोलत होते आणि अचानक गेले' असे ज्यांच्याबाबत सांगितले जाते, त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

वेदनेची भाषा

हृदयाच्या दुखण्याला अनेक रुग्ण 'दुखणे' म्हणतच नाहीत. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, कोणी आवळून धरले आहे, जडपणा आला आहे, जळजळते आहे, कासावीस होते आहे, असे शब्द वापरले जातात. 'दुखते का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळाले म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात, ती चूक ठरते. दुखणे कोठे आहे असे विचारल्यावर बोटाऐवजी मूठ किंवा पूर्ण तळवा छातीच्या मध्यभागी ठेवला जाणे, ही खूण अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लिव्हाइन यांच्या नावाने ओळखली जाते.

सोबत दरदरून थंड घाम येणे, धाप लागणे, मळमळ किंवा उलटी होणे, चेहरा पांढरा पडणे, चक्कर येणे यांपैकी काहीही असेल तर संशय अधिक बळावतो. विश्रांती घेऊनही दुखणे पंधरा-वीस मिनिटांहून अधिक टिकले तर ते साध्या अँजायनाचे मानता येत नाही. अर्थात, तेवढा वेळ घड्याळ लावून बसावे असा याचा अर्थ नव्हे.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. स्त्रियांमध्येही छातीत दुखणे हेच मुख्य लक्षण असते. मात्र त्याच्या जोडीने धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे आणि न सोसवणारा थकवा ही लक्षणे अधिक प्रमाणात आढळतात. घरातील कामाच्या रगाड्यात त्यांकडे दुर्लक्ष होते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम झालेला असल्याने झटका येऊनही त्यांना फारसे दुखत नाही. अचानक लागलेली धाप, घाम आणि गळून जाणे एवढेच त्यांच्यात दिसू शकते. अशा लक्षणांना 'वेगळी' किंवा 'नेहमीची नसलेली' असा शिक्का बसल्याने निदान हुकत असे. त्यामुळे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तो शब्दप्रयोगच बाजूला ठेवण्यास सांगितले. दुखणे हृदयाचे आहे, हृदयाचे असू शकते किंवा हृदयाचे नसावे, अशी वर्गवारी करावी, असे त्या सूचना सांगतात. खांदा, हात, मान, पाठ, जबडा आणि पोटाचा वरचा भाग येथील अस्वस्थतेचाही त्यांनी याच तक्रारीत समावेश केला आहे.

'गॅस'चा भ्रम कशामुळे?

अन्ननलिका आणि हृदय शेजारी शेजारी आहेत आणि दोहोंकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे आम्लपित्ताची जळजळ हृदयाच्या दुखण्यासारखी आणि हृदयाचे दुखणे जळजळीसारखे भासू शकते. त्यातच हृदयाच्या खालच्या बाजूस झटका आला असेल तर मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या भागातील दुखणे ही लक्षणे ठळक असतात. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झालेले असेल तर दोष सहज जेवणाला दिला जातो.

आम्लपित्ताचे दुखणे सहसा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे पडल्यावर वाढते, घशाशी आंबट येते, करपट ढेकर येतात. ही माहिती उपयोगाची असली तरी तिच्या आधारे हृदयविकार नाकारता येत नाही. आम्लपित्ताचे औषध घेतल्यावर बरे वाटले म्हणजे दुखणे पोटाचेच होते, हा समजही खरा नाही. हृदयाचे दुखणे काही काळ आपोआप कमी-जास्त होते. तो उतार औषधामुळे आला असे वाटते. ढेकर आल्यावर हलके वाटणे हाही पुरावा नव्हे. उलट बाजूनेही हेच खरे आहे. जिभेखालच्या गोळीने अन्ननलिकेची पेटकेही सैल होतात. त्यामुळे तिने आराम पडला म्हणून दुखणे हृदयाचेच होते असेही सिद्ध होत नाही.

हृदयाव्यतिरिक्त तीन गंभीर कारणे

छातीतील काही दुखणी हृदयाच्या रोहिण्यांशी संबंधित नसूनही तितकीच तातडीची असतात.

महाधमनीला आतून चीर पडणे हे त्यांतील सर्वांत भयंकर. छातीत वा पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, फाटल्यासारखी कळ एकदम येते आणि पहिल्या क्षणापासूनच ती तीव्र असते. दीर्घकाळ आटोक्यात नसलेला उच्च रक्तदाब हे तिचे प्रमुख कारण होय.

फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकणे हे दुसरे. पायातील शिरेत धरलेली गुठळी वाहत येऊन तेथे अडकते. मोठी शस्त्रक्रिया, हाडमोडीनंतरची अंथरुणावरील विश्रांती, बाळंतपण, कर्करोग किंवा लांबचा विमानप्रवास यानंतर अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचू लागले आणि एका पायाला सूज असली तर ही शक्यता ध्यानात घ्यावी लागते.

फुप्फुसाभोवती हवा साठून ते आकसणे हे तिसरे कारण. उंच, सडपातळ, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या तरुणांत ते कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय उद्भवू शकते. एका बाजूला एकदम कळ येते आणि श्वास अपुरा पडतो.

याखेरीज न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या आवरणाची सूज यांतही छातीत दुखते. ते खोल श्वास घेताना वा खोकताना वाढते आणि सोबत ताप असतो. आपल्याकडे अशा दुखण्यामागे क्षयरोग असण्याची शक्यता डॉक्टर आवर्जून तपासतात.

साधी वाटणारी आणि साधीच असणारी दुखणी

उसण भरणे, जड सामान उचलल्याने स्नायू ताणला जाणे, बरगडीच्या कूर्चेला सूज येणे ही छातीत दुखण्याची नित्याची कारणे आहेत. अशा दुखण्याची जागा रुग्ण एका बोटाने दाखवू शकतो, ती दाबल्यावर दुखते आणि कूस बदलताना किंवा हात वर करताना चमक येते. नागिणीत अंगावर पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीपासून छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते. पुरळ दिसेपर्यंत निदान होत नाही.

भीतीचा झटका हे शहरी जीवनात वारंवार आढळणारे कारण. छातीत धडधडते, दुखते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार असे वाटते. हे दुखणे खोटे नसते. त्यावर उपचारही आहेत. मात्र 'टेन्शन आहे' हे निदान तपासणीनंतर डॉक्टरांनी करायचे असते, तपासणीआधी शेजाऱ्यांनी नव्हे.

क्षणभर सुई टोचल्यासारखी चमक येऊन जाणे किंवा दाबल्यावरच दुखणे ही लक्षणे हृदयविकाराची शक्यता कमी करतात, पूर्णपणे संपवत नाहीत. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर या खुणांवर विसंबून राहू नये.

केव्हा काय करावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच क्षणी तातडीची मदत मागवावी :

- छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे दुखणे आणि ते काही मिनिटांत न ओसरणे किंवा जाऊन पुन्हा येणे.
- दुखणे हात, खांदा, मान, जबडा वा पाठीकडे पसरणे.
- दुखण्यासोबत घाम, धाप, उलटी, चक्कर किंवा शुद्ध हरपणे.
- पाठीत वा छातीत फाटल्यासारखी अचानक आलेली कळ.
- विश्रांती घेत असताना अचानक लागलेली धाप, ओठ निळसर पडणे, थुंकीतून रक्त येणे.
- मधुमेही किंवा वृद्ध व्यक्तीला कारणाशिवाय दरदरून घाम सुटणे आणि गळून गेल्यासारखे होणे.

चालताना वा जिना चढताना छातीत भरून येते आणि थांबल्यावर कमी होते, अशी तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर एक-दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. ती पूर्वीपासून असेल, पण आता कमी श्रमात, अधिक वेळा किंवा बसल्या जागी होऊ लागली असेल, तर तो येऊ घातलेल्या झटक्याचा इशारा समजून थेट रुग्णालय गाठावे. ताप-खोकल्यासोबतचे दुखणे, पंधरवड्याहून अधिक टिकलेली जळजळ, गिळताना अडकणे किंवा वजन घटणे यांसाठीही वैद्यकीय तपासणी टाळू नये.

मदत पोहोचेपर्यंत

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. ११२ हा देशभरासाठीचा आपत्कालीन क्रमांक आहे. रुग्णवाहिकेचा लाभ केवळ वाहन म्हणून नसतो. प्राणवायू आणि विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र वाटेतच मिळू शकते. ती येण्यास फार वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या मोटारीने किंवा टॅक्सीने निघावे. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, दुचाकीवर बसू नये आणि जिना उतरू नये. उद्वाहन नसेल तर त्याला खुर्चीत बसवून खाली आणावे.

ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहण्यात बराच वेळ जातो. अशा वेळी जेथे चोवीस तास ईसीजी आणि अतिदक्षता विभाग आहे असे जवळचे रुग्णालय निवडावे. शक्य असल्यास तेथे हृदयाच्या रोहिण्यांवर उपचार करणारी कॅथलॅबही असावी. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत.

रुग्णाला अर्धवट बसत्या स्थितीत टेकवून ठेवावे, कपडे सैल करावेत, घराचे दार उघडे ठेवावे. खायला-प्यायला देऊ नये.

अॅस्पिरिन हे या वेळी खरोखर उपयोगी पडणारे औषध आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीत १७ हजार १८७ रुग्णांचा समावेश होता. झटका आल्यानंतर अॅस्पिरिन सुरू केलेल्यांमध्ये पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे तिच्यात दिसले. साधारण ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खाल्ल्यास ती लवकर शोषली जाते. मात्र अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा अल्सर, नुकताच झालेला मेंदूतील रक्तस्राव असल्यास ती घेऊ नये. पाठीत फाटल्यासारखी कळ असल्यासही ती टाळावी, कारण महाधमनीला चीर पडलेली असेल तर ती घातक ठरते. शक्यतो १०८ वरील वा दूरध्वनीवर उपलब्ध डॉक्टरांना विचारूनच ती द्यावी आणि मदत मागवल्यानंतर द्यावी. गोळी हा रुग्णालयाला पर्याय नव्हे.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी आधीच लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. तिच्यामुळे रक्तदाब उतरतो. तो आधीच कमी असेल किंवा रुग्णाने लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखे औषध गेल्या एक-दोन दिवसांत घेतलेले असेल तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. अशा औषधाची माहिती संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगितली पाहिजे. एकटे असताना जोरजोरात खोकत राहिल्यास झटका टळतो, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. खोकण्यात घालवलेली मिनिटे दूरध्वनी करण्यात घालवावीत.

रुग्ण बेशुद्ध झाला आणि श्वास थांबला किंवा आचके दिल्यासारखा होऊ लागला तर त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवावेत. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने तोंडाने श्वास न देता केवळ दाब दिला तरी चालतो. काहीही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

रुग्णालयात काय होते?

रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी पाहावा, असा संकेत आहे. हृदयाच्या विद्युत् लहरी टिपणाऱ्या या तपासणीचे जनक विलेम आइंटहोव्हन यांना त्यासाठी १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर वर्षांनंतरही छातीत दुखणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी हीच आहे. तथापि, पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून हृदयविकार नाही असे ठरत नाही. तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो.

दुसरी तपासणी रक्ताची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की 'ट्रोपोनिन' हे प्रथिन रक्तात उतरते. ते वाढलेले दिसण्यास काही तास लागत असल्याने ही तपासणीही ठरावीक अंतराने दुसऱ्यांदा केली जाते. 'पहिले रिपोर्ट चांगले आहेत, मग थांबवून का ठेवता?' असा वाद नातेवाईक अनेकदा घालतात. त्या थांबवण्यामागचे कारण हे असते.

मोठा झटका निश्चित झाल्यास बंद रोहिणी उघडणे हेच उद्दिष्ट राहते. मनगटातील वा जांघेतील रोहिणीतून नळी सरकवून फुग्याने मार्ग मोकळा करणे आणि तेथे स्टेंट बसवणे, ही अँजिओप्लास्टी सर्वांत परिणामकारक ठरते. ती रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत व्हावी, असे मानले जाते. ती वेळेत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्वरित देऊन नंतर मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून ही पद्धत राबवण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यानंतर मोठा झटका आलेल्या रुग्णांतील वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. हे इंजेक्शनही पहिल्या दोन-तीन तासांत जितके काम करते तितके नंतर करत नाही.

खर्चाची धास्ती

'रुग्णालयात गेलो की लाखाचे बिल' ही भीती विलंबाचे मोठे कारण आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. 'क्रिएट' पाहणीतच गरीब रुग्णांतील ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ८.२ टक्के, तर सधन रुग्णांत ते ५.५ टक्के आढळले. उपचारांतील तफावत हे त्याचे मुख्य कारण होते.

तरीही काही गोष्टी रुग्णाच्या बाजूने आहेत. तातडीच्या रुग्णावर, कायदेशीर वा अन्य औपचारिकतांची वाट न पाहता, जीव वाचवण्यासाठी उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली दिला. औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये २९ हजार ६०० रुपयांवर आणण्यात आली. तेव्हापासून या किमतींवर सरकारी नियंत्रण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करून मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा निर्णय सरकारने २०२३ साली घेतला. योजनेतील रुग्णालयांची यादी आणि शिधापत्रिका हाताशी असली तर ऐन वेळी धावपळ वाचते.

धोका कोणाला?

'इंटरहार्ट' या ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नऊ घटकांवर बोट ठेवले. धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहारातील फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी. झटक्याचा ९० टक्के वा त्याहून अधिक धोका या घटकांतून स्पष्ट होतो. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका आला ते मध्यम वय ५३ होते. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. म्हणजे, नोकरीची आणि संसाराची जबाबदारी शिरावर असतानाच आपल्याकडे हे संकट येते. 'एवढ्या लहान वयात कसा येईल?' हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो.

आधीच ठरवून ठेवावे असे

प्रसंग ओढवल्यावर घरात चर्चा सुरू होते आणि चर्चेत वेळ जातो. म्हणून काही निर्णय शांत वेळी घेऊन ठेवणे हिताचे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही ईसीजी आणि कॅथलॅब आहे, याची चौकशी करून नाव व क्रमांक फ्रिजवर चिकटवावा. घरातील प्रत्येकाच्या चालू औषधांची, अॅलर्जीची आणि जुन्या ईसीजीची माहिती एका पाकिटात ठेवावी. जुना ईसीजी समोर असेल तर नवा बदल डॉक्टरांच्या चटकन लक्षात येतो. इमारतीच्या रखवालदाराला रुग्णवाहिका आल्यावर फाटक उघडण्याची आणि उद्वाहन रोखून धरण्याची सूचना असावी. घरातील किमान एका व्यक्तीने छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण 'काही नाही, उगाच धावपळ नको' म्हणाला तरी निर्णय इतरांनी घ्यावा. मध्यरात्री रुग्णालयात जाऊन 'केवळ पित्त होते' असे निघाले तर एका रात्रीची झोप आणि थोडे पैसे जातात. तपासणीअंती निर्धास्त होऊन घरी परतणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांचा वेळ वाया घालवलेला नसतो. ते निदान करण्यासाठीच ईसीजीचे यंत्र तेथे ठेवलेले असते.